रंग उडायच्या आत

पावसाळ्यात मलकापूरच्या परसात गोगलगायी भिंती चढू लागल्या की त्यांची जात कोणी विचारत नाही; मिठाची पुडी शोधतात. याच गावातून जाणारा कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता आंबा घाट उतरून जिथं संपतो, तिथल्या कातळावर या गोगलगायींचे चुलतभाऊ राहतात. बहुतेकांनी शंख कधीच टाकून दिलेला, आणि अंगावर रंग असे की पैठणीनं लाजावं.

विशाल भावे आणि दीपक आपटे या अभ्यासकांनी २०११ साली रत्नागिरीच्या या समुद्री गोगलगायींचा सचित्र वृत्तान्त छापला. त्यातल्या २३ जाती भारतात पहिल्यांदाच नोंदल्या गेल्या होत्या. पहिली नोंद म्हणजे नवी जात नव्हे, हे मात्र लक्षात ठेवायचं. नव्या जातीची वाट फार लांबची.

ती सुरू होते तिथी बघून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खोलवर जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे दगड उघडे पडतात. दगड हलकेच उलटायचा, खालचा स्पंज निरखायचा आणि दगड होता तसा पालथा ठेवायचा. नाहीतर खालचं जग उन्हात मरतं. गोगलगाय सापडलीच तर आधी फोटो, तेही ती जिवंत असताना, पाण्यात पसरलेली असताना. डोक्यावरची दोन शिंगं, पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा, कडेची रेघ, सगळं टिपायचं. बोट लागलं की तुरा आत जातो.

एवढी घाई कशाला? अल्कोहोलात पडली की तिचे रंग उडतात आणि बाटलीत उरतो एक फिकट गोळा.

फोटोनंतर जुने कागद. ब्रिटिश अधिकारी वॉल्टर इलियट यांनी भारतात गोळा केलेल्या गोगलगायींवर इंग्लंडातल्या ऑल्डर आणि हॅन्कॉक या अभ्यासकांनी १८६४ साली निबंध लिहिला. ‘कलिंगा ऑर्नाटा’ हे नाव त्यातलंच. असे जुने निबंध आजही उघडून बसावं लागतं, कारण आपल्या ‘नव्या’ गोगलगायीचं बारसं दीडशे वर्षांपूर्वीच कोणीतरी उरकलेलं असू शकतं.

शिवाय रंग फसवतो. एकाच जातीत रंग बदलतात आणि दोन वेगळ्या जाती सारख्या दिसतात. म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात तिला गुंगी आणतात, म्हणजे ती आखडत नाही. पायाचा तुकडा डीएनएसाठी कापून ठेवतात. मग जिभेवरची दातांची पट्टी सोडवून दातांच्या रांगा मोजतात, आणि नर-मादी दोन्ही असलेल्या या जिवाचे जननावयव उकलतात. पश्चिम बंगालमधल्या दिघ्याच्या आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर मिळालेली ‘मेलानोक्लॅमिस द्रौपदी’ जेमतेम ७ मिलिमीटरची. तेवढ्यात जननावयव शोधायचे!

घाटमाथ्यावरही हीच पद्धत चालते. आंबोलीची अर्धशंखी गोगलगाय २०२१ मध्ये ‘वरादिया आंबोलिएन्सिस’ झाली. सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांच्यावरून.

नामकरण झाल्यावर नमुना संग्रहालयात जातो. बाटलीत त्याच्याबरोबर एक चिठ्ठी टाकतात : ठिकाण, तारीख, कोणी गोळा केला. ती पेन्सिलीनं लिहिलेली असते. साध्या पेनाची शाई अल्कोहोलात विरघळते.