भरसमुद्रातून निरोप कसा येतो?

मुंबई बंदरातून प्रवासी जहाज सुटले की पहिला तासभर कठड्याशी गर्दी असते. कोणी किनाऱ्याकडे पाहून हात हलवीत असतो, कोणी छायाचित्र काढून लगेच घरी पाठवीत असतो. मग हळूहळू फोनच्या कोपऱ्यातील उभ्या रेघा एकेक करून गळू लागतात. किनारा पुसट होतो आणि फोन मुका होतो. पण थोडा वेळ गेला की एक नवलच घडते. सभोवार पाण्याशिवाय काही नसताना त्या रेघा पुन्हा उगवतात! मनोरा तर कोठेच दिसत नाही. मग हा फोन बोलतो तरी कोणाशी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी फोन मुका का झाला, ते पाहू.

किनाऱ्यावरचा मनोरा कोठवर पुरतो?

फोन म्हणजे एक छोटे बिनतारी यंत्रच होय. त्याच्यातून निघणाऱ्या विद्युत्-चुंबकीय लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे काही अंतरानंतर समुद्राचा फुगवटाच मनोरा आणि जहाज यांच्या आड येतो. हे अंतर तुम्हाला पायथागोरसच्या प्रमेयाने काढता येईल. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरा. ४९ मीटर उंचीच्या मनोऱ्याच्या टोकावरून क्षितिज सुमारे २५ किलोमीटरवर येते. जहाजाच्या २५ मीटर उंच डेकवरून ते सुमारे १८ किलोमीटरवर येते. दोन्हींची बेरीज ४३ किलोमीटर. लहरी हवेत किंचित वाकतात, म्हणून थोडी भर पडते, इतकेच.

याशिवाय आणखी दोन अडचणी आहेत. पहिली शक्तीची. आजच्या फोनची प्रक्षेपणशक्ती फार तर एक पंचमांश वॅटच्या आसपास असते. दुसरी वेळेची. दुसऱ्या पिढीच्या मोबाइल पद्धतीत प्रत्येक फोनला बोलण्यासाठी अगदी छोटा ठरावीक कालखंड नेमून दिलेला असतो. दूरच्या फोनची लहर उशिरा पोहोचते, म्हणून मनोरा त्याला ‘थोडा आधी बोल’ अशी सूचना देतो. ही सवलत जास्तीत जास्त सुमारे २३३ मायक्रोसेकंदांची असते. तेवढ्या वेळात लहर ७० किलोमीटर जाते, म्हणजे जाऊन-येऊन ३५ किलोमीटर. त्यापलीकडचा फोन मनोऱ्याला ऐकू आला, तरी तो त्याच्याशी बोलू शकत नाही.

जहाजाचा स्वतःचा मनोरा

आता पुन्हा उगवलेल्या रेघांकडे वळू. मोठ्या प्रवासी जहाजावर मोबाइलचे एक लहानसे केंद्रच बसविलेले असते. जहाजाच्या पोलादी भिंतींतून लहरी पार होत नाहीत. म्हणून एकच मोठा मनोरा उभारण्याऐवजी मार्गिकांच्या छतांतून लहान लहान अँटेना बसवितात. तुमचा फोन त्यांच्याशी बोलतो. जहाज किनाऱ्याजवळ आले की हे केंद्र बंद करतात, कारण किनाऱ्यावरच्या सेवेत त्याचा अडथळा होता कामा नये.

पण हे झाले जहाजापुरते. निरोप घरी पोहोचायचा, तर पुढचा रस्ता हवा. एका देशाहून दुसऱ्या देशाला जाणारी बहुतेक माहिती समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचतंतूंच्या तारांतून वाहते. मुंबईच्या किनाऱ्यालाही अशा तारा येऊन मिळतात. म्हणजे कधीकधी जगाचे सारे संभाषण जहाजाच्या तळाखालून चाललेले असते, पण चालत्या जहाजाला तार बांधता येत नाही. त्याला वर, आकाशाकडेच पाहावे लागते.

छत्तीस हजार किलोमीटरची फेरी

जहाजाच्या माथ्यावर पांढरे शुभ्र गोल घुमट तुम्ही चित्रांत पाहिले असतील. त्या घुमटात एक तबकडी असते. जहाज लाटांवर डोलते, पण तबकडीचे तोंड आकाशातील एका ठरावीक बिंदूकडेच राहिले पाहिजे. म्हणून तिला भ्रमणदर्शक उपकरणे आणि छोट्या मोटारी जोडलेल्या असतात. जहाज डावीकडे कलले की तबकडी तितकीच उजवीकडे वळते. धुराड्याची किंवा डोलकाठीची आडकाठी होऊ नये, म्हणून बहुधा एकाहून अधिक घुमट बसवितात.

तो ठरावीक बिंदू म्हणजे भूस्थिर उपग्रह. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या वेगाने फिरतो, म्हणून तो एकाच जागी उभा असल्यासारखा दिसतो. अशा उपग्रहांद्वारे संदेशवहन करण्याची कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली मांडली. जहाजांसाठी ‘मारिसॅट’ उपग्रह १९७६ मध्ये सोडण्यात आले आणि १९७९ मध्ये ‘इन्मारसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आपल्याकडे पुण्याजवळ आर्वी येथे १९७२ साली उपग्रह-दळणवळणाचे भूकेंद्र सुरू झाले.

आता थोडे गणित करू. लहर जहाजावरून उपग्रहाकडे आणि तेथून भूकेंद्राकडे जाते. हे अंतर कमीत कमी ७१,५७२ किलोमीटर होते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणजे एकेरी फेरीला जवळजवळ पाव सेकंद आणि प्रश्नोत्तराला अर्धा सेकंद लागतो. अर्धा सेकंद तो काय, असे तुम्ही म्हणाल. पण इंटरनेटवरचे एखादे पान उघडताना फोन आणि दूरचा संगणक यांच्यात अनेकदा देवघेव होते. अशा दहा फेऱ्या एकापाठोपाठ झाल्या, तर पाच सेकंद नुसत्या वाट पाहण्यातच जातात. हा उशीर निसर्गनियमाचा आहे. कितीही महागडा फोन घेतला तरी तो टळत नाही.

अलीकडे यावर एक तोड निघाली आहे, ती म्हणजे उपग्रह खाली आणणे. ‘स्टारलिंक’चे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर फिरतात. तेथवरच्या प्रश्नोत्तराला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. मात्र इतक्या खालचा उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाआड जातो. म्हणून एकामागून एक असे हजारो उपग्रह लागतात. ‘रॉयल कॅरिबियन’ या प्रवासी जहाज कंपनीने २०२२ साली आपल्या जहाजांवर ही सेवा घेण्याचे ठरविले.

निरोप हलका, चित्र जड

जहाजावरून बोलणे तुटले, पान उघडले नाही, तरी साधा एस.एम.एस. बहुधा जातो. याचे कारण तो फार हलका असतो. एका एस.एम.एस.मध्ये १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट मावतात. रोमन लिपीतील प्रत्येक अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात. म्हणून केवळ ७० चिन्हे बसतात. त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘किनारा’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण फोनच्या हिशोबी तो सहा चिन्हांचा आहे! शिवाय एस.एम.एस.ला घाई नसते. पलीकडचा फोन बंद असला, तरी निरोप मधल्या केंद्रात थांबून राहतो आणि वाट मोकळी झाली की पुढे जातो.

व्हॉट्सॲपचे निरोप या मार्गाने जात नाहीत. ते इंटरनेटने जातात. त्यामुळे जहाजाचे वाय-फाय घेतले, तर फोनची मोबाइल सेवा बंद असूनही ते पोहोचतात. उलट, बँकेचा सांकेतिक क्रमांक एस.एम.एस.ने येणार असेल, तर सहसा नुसते वाय-फाय कामाला येत नाही.

हा भेद ज्यांना ठाऊक नाही, त्यांचा खिसा रिकामा होतो. किनारा सुटताच फोन आपणहून जहाजाच्या केंद्राला जोडला जातो. ते केंद्र तुमच्या नेहमीच्या कंपनीचे नसते, आणि उपग्रहाचा मार्ग महाग असतो. तुम्ही झोपलेले असताना फोन चित्रे उतरवून घेतो, नवे प्रोग्राम मागवितो, आणि बिल वाढत जाते. म्हणून जाणकार प्रवासी बंदर सोडतानाच फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकतात आणि मग हवे असल्यास फक्त वाय-फाय चालू करतात.

हौसेचे निरोप आणि जिवाचे निरोप

जहाजावरून घरी निरोप पाठविण्याची हौस मात्र नवी नाही. १९१२ साली ‘टायटॅनिक’वरील प्रवासीही मार्कोनीच्या बिनतारी यंत्राने तारा पाठवीत. पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग पडत. १४ एप्रिलच्या रात्री यंत्रचालक फिलिप्स प्रवाशांच्या तुंबलेल्या तारा केप रेस केंद्राकडे पाठविण्यात गुंतला होता. इतक्यात जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाने बर्फाची सूचना दिली. फिलिप्सने ‘मध्ये बोलू नका’ असे कळवून ती तोडली. तिकडचा चालक थोड्या वेळाने यंत्र बंद करून झोपला. त्यानंतर ‘टायटॅनिक’ने मदतीसाठी केलेला आक्रोश त्या जहाजावर ऐकायला कोणी जागे नव्हते. सुमारे दीड हजार माणसे बुडाली.

आपल्या किनाऱ्यालाही असा धडा मिळाला आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. किनारा इतका जवळ असूनही मुंबईला बातमी कळली, ती काही तासांनी, वाचलेले लोक किनाऱ्याला लागल्यावर.

‘टायटॅनिक’च्या अपघातानंतर १९१४ साली जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि बिनतारी यंत्रावर रात्रंदिवस पहारा ठेवण्याचा नियम आला. १ फेब्रुवारी १९९९ पासून संकटसंदेशांची नवी जागतिक पद्धत पूर्णपणे लागू आहे. तिची यंत्रे आणि तिच्या कंप्रता प्रवाशांच्या फोनपासून स्वतंत्र असतात. जहाज बुडाले, तर पाण्यावर तरंगणारा एक छोटा प्रक्षेपक ४०६ मेगाहर्ट्झवर आपोआप हाक देऊ लागतो आणि उपग्रह ती ऐकतात.

तेव्हा पुढे कधी बोटीने जाल आणि छायाचित्र पाठवताना चाक नुसतेच गरगरत राहील, तेव्हा चिडू नका. तुमचे चित्र रांगेत उभे असेल, पण मदतीच्या हाकेला आता त्या रांगेत उभे राहावे लागत नाही.