घरी शिकणारी मुले आणि महाविद्यालयाचे दार

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करून शिकणाऱ्या तरुणांची सोय व्हावी म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. ज्याला दिवसा वर्गात बसता येत नाही, त्यालाही पदवीपर्यंत पोहोचण्याचा अधिकार आहे, हा विचार त्यामागे होता. तोच विचार घेऊन आम्ही आज समाजबांधवांपुढे एक प्रश्न मांडत आहोत. जी मुले-मुली शाळेत न जाता घरीच शिकतात, त्यांना महाविद्यालयासाठी कसे तयार करावे?

मोठ्या शहरांत काही पालक स्वतःच्या मर्जीने मुलांना शाळेऐवजी घरी शिकवतात. आपल्या बोरी अरब व दारव्हा भागात चित्र वेगळे असते. कुणी कापूस वेचणीच्या हंगामात शाळेतून निघतो तो परत जात नाही, कुणी आजारपणामुळे मागे पडतो, तर मुलगी मोठी झाली म्हणून तिला घरी बसवले जाते. यातील कितीतरी मुले घरी पुस्तक उघडतात. त्यांना पुढची वाट दाखवणारा कुणी भेटत नाही, इतकेच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. त्या वयाचे मूल घरी असेल तर त्याला शाळेतच पाठवावे. पुढील विवेचन त्याहून मोठ्या मुलांसाठी आहे.

१) परीक्षेचा मार्ग आधी ठरवा

मुंबईच्या एका घरी शिकलेल्या मुलीला २०१६ साली आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमधील पदकांच्या बळावर अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेत प्रवेश मिळाला. तिच्याकडे दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून आपल्याकडील आयआयटीचे दार मात्र तिला बंद राहिले. हा अपवाद कौतुकाचा खरा, पण आपल्या मुलांनी प्रमाणपत्राचाच मार्ग धरावा. त्याचे दोन प्रकार आहेत.

पहिला मार्ग राज्य मंडळाचा. यालाच लोक 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतात. खाजगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवून दहावी किंवा बारावीची परीक्षा देता येते. आपला जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो. हा अर्ज आता ऑनलाइन भरतात आणि एखादी शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडावे लागते. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी अर्जाच्या तारखा साधारणतः पावसाळ्यातच जाहीर होतात. दिवाळीनंतर जाग आली तर वर्ष वाया जाते. दहावीनंतर दोन वर्षांचे अंतर पडल्यावरच खाजगीरीत्या बारावीला बसता येते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. ही संस्था १९८९ साली सुरू झाली व २००२ पासून ती एनआयओएस या नावाने ओळखली जाते. येथे पाच विषय घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते. वर्षातून दोनदा परीक्षा होते. एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते, त्यामुळे दोन विषय आज व तीन पुढे असे करता येते. मजुरी करून शिकणाऱ्यास ही सवलत मोलाची आहे.

विज्ञान शाखेत प्रात्यक्षिके असतात. त्या शाखेकडे जायचे असल्यास दहावी होताच नियमित कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेणे उत्तम.

२) कागदपत्रे

आपल्या मुलांचे पाऊल बहुधा येथेच अडते. शाळा सोडताना पुष्कळजण शाळा सोडल्याचा दाखला घेतच नाहीत. सतरा नंबरच्या अर्जाला तो लागतो. शिवाय जन्मतारीख व जात यांची नोंद त्यावरच असते. तो दाखला आजच काढून घ्यावा. मूळ प्रत हरवली असल्यास शाळेकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करावा.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांनी शाळेत मुलांच्या नावापुढे फक्त 'बौद्ध' लिहिले. आजोबा-पणजोबांच्या नोंदीत मात्र पूर्वीची जात आहे. बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत १९९० साली स्थान मिळाले. तरी जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा किंवा कोतवालबुकाची नक्कल अशा वेळी उपयोगी पडते. दाखला उपविभागीय अधिकारी देतात. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागा हवी असेल तर जात पडताळणीही करावी लागते आणि तिला वेळ लागतो. म्हणून दहावीचा अभ्यास सुरू होतो त्याच वर्षी कागद जमवायला लागावे. नाव, वडिलांचे नाव व आडनाव प्रत्येक कागदावर एकसारखे आहे का, तेही पाहावे. शिक्षणात खंड असल्यास महाविद्यालय त्याचे प्रतिज्ञापत्र मागते.

३) अभ्यासाची सवय

घरी शिकणाऱ्या मुलाचे वाचन चांगले असू शकते, परंतु तीन तास बसून लिहिण्याची सवय नसते. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी व ती दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. महाविद्यालयात शिक्षक बोलत जातात आणि विद्यार्थ्याने टिपण काढायचे असते. त्याची तयारी म्हणून विहारातील धम्मप्रवचन किंवा आकाशवाणीवरील भाषण ऐकून दहा ओळींत सारांश लिहावा. इंग्रजीचा एक उतारा रोज मोठ्याने वाचावा व अडलेले शब्द वहीत उतरवावेत. अनोळखी माणसाला प्रश्न विचारण्याचा संकोच हाही मोठा अडसर असतो. त्यासाठी मुलाला बँकेत, टपाल कार्यालयात, तहसिलीत स्वतः अर्ज भरू द्यावा.

४) पैसा व निवास

अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना दहावीनंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते. तिचा अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर करतात. सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहे आहेत. तेथे जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी शासनाने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. तिला गुणांची व उत्पन्नाची अट आहे, म्हणून नुसते पास होण्यावर समाधान मानू नये.

समाजबांधवांना आमची विनंती अशी की, आपल्या वस्तीत शाळेबाहेर असलेल्या १४ ते २० वयाच्या मुला-मुलींची यादी करावी, मुलींची नावे आधी लिहावीत. ज्यांच्या घरी पदवीधर आहे त्यांनी आठवड्याचे दोन तास विहारात बसून उत्तरपत्रिका तपासाव्यात. ज्यांना कचेरीची माहिती आहे त्यांनी एका मुलाचा जातीचा दाखला काढून देण्याची जबाबदारी घ्यावी. याला देणगी लागत नाही, वेळ लागतो. एवढे झाले तर घरी बसलेली मुलगी महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली आपण सर्वजण पाहू.

जयभीम! नमो बुद्धाय!