किरण न लागलेल्या पेशी

स्तनातली गाठ काढून झाली आहे, टाके घालायचे बाकी आहेत. याच वेळी सर्जन गाठीच्या मोकळ्या जागेत गोल टोकाचे उपकरण बसवतात आणि साधारण अर्धा तास तिथूनच कमी ऊर्जेचे क्ष-किरण देतात. मूळचे गोव्याचे डॉ. जयंत वैद्य, मायकेल बॉम आणि जेफ्री टोबायस यांनी विकसित केलेली ही ‘टार्गिट’ पद्धत लंडनमध्ये १९९८ साली पहिल्यांदा वापरली गेली.

उपकरणाला टेकलेल्या पेशींना सुमारे २० ग्रे मात्रा मिळते. एका सेंटिमीटरवर ती पाच ते सात ग्रे उरते आणि पुढे झपाट्याने घटते. मग त्यापलीकडच्या पेशींचे काय?

१९९२ साली नागासावा आणि लिटल यांनी पेशींवर अल्फा कणांचा अगदी विरळ मारा केला. शंभरात एका केंद्रकालाही कण लागला नसेल, तरी सुमारे ३० टक्के पेशींच्या गुणसूत्रांत बदल दिसले. इजा झालेल्या पेशी शेजारच्या पेशींना रासायनिक संदेश देतात, हे त्यातून पुढे आले. याला ‘बायस्टँडर इफेक्ट’ म्हणतात.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत असे संदेश जखमेतल्या स्रावातून जाऊ शकतात. जखम भरून यावी म्हणून शरीर वाढीला चालना देणारी प्रथिने सोडते. मागे राहिलेल्या एखाद्या कर्कपेशीला तीच खतासारखी लागू पडण्याचा धोका असतो. इटलीतल्या आव्हियानोच्या संशोधकांनी हा स्राव प्रयोगशाळेतल्या कर्कपेशींवर घातला. नुसत्या शस्त्रक्रियेनंतरच्या स्रावाने पेशी वाढल्या, पसरू लागल्या. टार्गिट घेतलेल्या स्त्रियांच्या स्रावात ते बळ बरेच ओसरले होते. त्यांचा हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पुढे पोलंडमधल्या पोझनानच्या गटाला अशा स्रावात ठेवलेल्या, स्वतः किरण न लागलेल्या कर्कपेशींच्या डीएनएत इजेच्या खुणा आढळल्या.

हे निष्कर्ष प्रयोगशाळेतले आहेत, आणि असे संदेश निरोगी पेशींनाही इजा करू शकतात. म्हणून उपचाराचा निर्णय रुग्णांवरच्या चाचण्यांवरच घ्यायला हवा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या टार्गिट चाचणीत पाच वर्षांत त्याच स्तनात कर्करोग उलटण्याचे प्रमाण २.११ टक्के होते, तर नेहमीच्या किरणोपचारात ०.९५ टक्के. एकूण जगण्यात लक्षणीय फरक नव्हता. ही पद्धत सुरुवातीच्या टप्प्यातल्या, निवडक रुग्णांसाठीच आहे; अंतिम पॅथॉलॉजी अहवालात धोका दिसला, तर पूर्ण स्तनावर किरणोपचार द्यावे लागतात.

किरण किती खोल पोहोचले, एवढ्यावर त्यांच्या परिणामाचा हिशेब संपत नाही. त्यांनी जखमेतले वातावरण कसे बदलले, हेही मोजायला हवे.