मराठी कागदांतील परभाषीय व्यक्तिनामें : दापोडी-चाकण टापूच्या निमित्तानें

जुन्या कागदांची याद करतांना संग्राहक प्रथम तिथि पाहतो, मग शिक्का पाहतो, आणि सर्वांच्या शेवटीं नांवें पाहतो. तिथि व शिक्का यांविषयीं आमच्याकडे पुष्कळ चर्चा झालेली आहे; नांवें मात्र वाचलीं म्हणजे समजलीं, असाच सार्वत्रिक समज दिसतो. वस्तुतः व्यक्तिनाम हा फार फसवा पुरावा आहे. नांवावरून जात, धर्म किंवा देश ठरवून कागद एका रुमालांतून काढून दुसऱ्या रुमालांत बांधण्याची वहिवाट आहे, आणि एकदां रुमाल बदलला कीं तो कागद पुढील शोधकाच्या हातीं लागणें दुर्घट होतें. म्हणून पुण्याच्या उत्तरेकडील एका लहानशा टापूंतील नांवें घेऊन त्यांचीं कुळें कोठवर जातात हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दापोडी हें गांव मुळा व पवना यांच्या संगमाजवळचें. सांप्रत तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. इंग्रजी कागदांत तें 'दापूरी' या रूपानें आढळतें. दुसऱ्या बाजीरावाच्या कवायती पलटणीचा कप्तान फोर्ड याचें ठाणें येथें होतें. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई जुंपली तेव्हां हीच पलटण दापोडीहून निघून इंग्रजी फौजेस मिळाली. फोर्डाचा जिवलग स्नेही मोरो दीक्षित हा पेशव्यांच्या बाजूनें लढत असतां त्याच पलटणीच्या तोफेचा गोळा लागून पडला, असें ग्रँट डफ लिहितो. फोर्डाचा बंगला पुढें मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत सरकारकडे आला, इ. स. १८२८ त तेथें वनस्पतींची सरकारी बाग झाली, आणि डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हा कित्येक वर्षें तिचा व्यवस्थापक होता. दापोडीच्या इतिहासांतील या चार नांवांतच आमच्या विषयाचा बराच भाग येऊन जातो.

यांतलें फोर्ड हें आडनांव सर्वांत सोपें. त्याचा अर्थ नदीचा उतार. माल्कम हें आज आडनांव दिसत असलें तरी मूळचें स्कॉटलंडांतील गेलिक भाषेचें व्यक्तिनाम असून 'संत कोलंबाचा दास' असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे रामदास, शिवदास किंवा अरबींतील अब्दुल्ला ज्या रीतीनें बनले त्याच रीतीनें तें बनलें आहे. जॉन हें हिब्रू योहानान, 'यहोवाची कृपा'. हेंच नांव गोव्यांत ज्युवांव होतें, मराठी बायबलांत योहान होतें, आणि अरबींत याह्या होतें. एकाच दप्तरांत हीं चारही रूपें आलीं तर सूचीकार त्यांचे चार स्वतंत्र गट करील, आणि त्यांत त्याला दोषही देतां येणार नाहीं.

अलेक्झांडर या नांवाची कथा याहून गंमतीची आहे. हें ग्रीक नांव. अर्थ, 'पुरुषांचें रक्षण करणारा'. तें अरबांच्या कानीं पडलें तेव्हां आरंभीचें 'अल्' हें आपल्या भाषेंतील उपपदच आहे असें त्यांना वाटलें. तें त्यांनीं वेगळें काढलें, उरलेल्या भागांतील क आणि स यांची उलटापालट झाली, आणि 'अल्-इस्कंदर' असें रूप तयार झालें. फारशींत त्याचें सिकंदर झालें व त्याच वाटेनें तें दक्षिणेंत आलें. इ. स. १६८६ त औरंगजेबानें ज्याचें राज्य बुडविलें तो विजापूरचा शेवटचा सुलतान सिकंदर आदिलशहा आणि दापोडीच्या बागेंत रोपें लावणारा स्कॉच डॉक्टर हे दोघे एकाच नांवाचे गृहस्थ होत! याच बागेंतील वनस्पतींचीं सुंदर चित्रें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका चित्रकारानें काढलीं. तीं आज एडिंबरो येथील वनस्पति-उद्यानाच्या संग्रहांत आहेत. चित्रांतील झाडांचीं नांवें लॅटिनमध्यें नीट नोंदलेलीं आहेत. चित्रकाराबद्दल मात्र तो 'पोर्तुगीज' एवढाच उल्लेख उरला, त्याचें नांव कोणीं लिहून ठेवलें नाहीं.

राहिलें मोरो. हें नांव तरी निखालस आपलें असें वाचक म्हणतील. दापोडीहून चिंचवड जवळच, आणि तेथें मोरया गोसावींची समाधि. मोरगांवचा मयूरेश्वर, त्यावरून मोरेश्वर, मोरया, मोरोपंत व मोरो हीं नांवें निघालीं यांत शंका नाहीं. पण ज्या 'मयूर' शब्दावर हा सगळा डोलारा उभा आहे तो संस्कृतांत द्राविडी भाषांतून आला असावा, असें कित्येक भाषाकोविदांचें मत आहे. व्यंकोजी अथवा एकोजी हें नांवही असेंच. शहाजी राजांच्या या पुत्राचें नांव तिरुपतीच्या वेंकटगिरीवरून आलें, आणि अप्पा, अण्णा, अक्का हीं तर कानडी मुलुखांतून येऊन आमच्या घरांत इतकीं मुरलीं आहेत कीं तीं परकीं म्हटलीं तर घरांतलीं माणसें रागावतील.

आतां दापोडीहून चाकणास जाऊं. इ. स. १६६० त शाएस्ताखानानें चाकणच्या किल्ल्यास वेढा दिला, आणि फिरंगोजी नरसाळा यानें तो सुमारें पावणेदोन महिने लढविला. इ. स. १६७९ त दिलेरखानानें भूपाळगड घेतला तेव्हां तेथेंही हाच किल्लेदार होता. इतका प्रसिद्ध पुरुष. परंतु त्याच्या नांवाकडे कोणी थांबून पाहत नाहीं. फ्रँक हें जर्मन वंशाच्या एका टोळीचें नांव. धर्मयुद्धांच्या काळांत अरब लोक पश्चिमेकडील सर्व ख्रिस्ती लोकांस त्याच नांवानें 'इफ्रंज' म्हणूं लागले. फारशींत त्याचें 'फरंग' झालें. इ. स. १४९८ नंतर पोर्तुगीज आमच्या किनाऱ्यास आले ते फिरंगी ठरले, आणि त्यांच्याकडून येणाऱ्या सरळ पात्याच्या तलवारीसही फिरंग म्हणूं लागले. मग फिरंगोजीच्या घराण्यांत कोणी युरोपियन होता काय? असा तर्क करण्याचा मोह होतो, पण तो आम्हांस सर्वथा त्याज्य वाटतो. दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें फिरंगाई देवीचें प्रसिद्ध स्थान आहे. खंडोबावरून खंडोजी, बहिरोबावरून बहिरजी, म्हाळसेवरून म्हाळोजी, शिवाईवरून शिवाजी अशीं नांवें ठेवण्याची जी आमची जुनी पद्धति, तिलाच अनुसरून फिरंगाईवरून फिरंगोजी हें नांव पडलें असावें असें आमचें मत आहे. शब्द परदेशांतून आला खरा; परंतु नांव मुलाला देण्यापूर्वीं तो देवळांतून फिरून आला होता. शब्दाचें कूळ आणि नांवाचें कूळ हीं दोन वेगळीं धरलीं पाहिजेत, हें या एका उदाहरणावरून जितकें स्पष्ट होतें तितकें दुसऱ्या कशानेंही होत नाहीं. शब्दाचा अर्थ पाहण्यास माधवराव पटवर्धनांचा इ. स. १९२५ चा फार्शी-मराठी कोश आमच्या हाताशीं आहे. पण कोश पाहून नांवाचा इतिहास कळत नाहीं.

शहाजी व शरीफजी या बंधूंचीं नांवें अहमदनगरच्या शहाशरीफ पिराच्या नवसावरून ठेवलीं गेलीं, ही परंपरा सर्वश्रुत आहे. शरीफजी इ. स. १६२४ त भातवडीच्या रणांत पडला. शरीफ हा शब्द अरबी, अर्थ 'कुलीन'. शहा हा मात्र इराणी. त्याचें प्राचीन रूप 'क्षायथिय' असें असून तें आमच्या 'क्षत्र' शब्दाचें सगोत्र आहे. म्हणजे ज्या नांवास लोक यावनी समजतात तें क्षत्रिय शब्दाच्या भाऊबंदांपैकींच निघतें! शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून अधिकारपदांच्या फारशी संज्ञांस संस्कृत प्रतिशब्द देवविले. पेशवे गेले, पंतप्रधान आले. परंतु आपल्या पित्याचें नांव, चुलत्याचें नांव, किंवा चाकणच्या किल्लेदाराचें नांव बदलावें असें त्यांच्या मनांत आल्याचें कोठें दिसत नाहीं. पदनाम हें राज्याचें असतें, व्यक्तिनाम हें घराचें असतें, हा भेद त्या काळच्या लोकांस आमच्यापेक्षां अधिक कळत होता.

याच संदर्भांत शाहू महाराजांच्या नांवाचा निकाल लावणें प्राप्त आहे. त्यांचें जन्मनाम शिवाजी. औरंगजेबानें आजोबाशीं तुलना करून या मुलास 'साव' म्हटलें व त्यावरून शाहू नांव पडलें, ही हकीकत ग्रँट डफनें दिल्यामुळें सर्वत्र पसरली. साव हा शब्द संस्कृत 'साधु' यापासून प्राकृत 'साहु' या द्वारें आलेला, शहा हा फारशी. दोघांचा कांहीं संबंध नाहीं. जुन्या लेखकांच्या हातून श व स यांची अदलाबदल सर्रास होते, तिच्यामुळें ही कथा खपली. शंभू, येसू, गंगू या लाडक्या रूपांप्रमाणें पणजोबांच्या शहाजी या नांवाचें शाहू हें घरगुती रूप होय, असें मानणें आम्हांस अधिक सयुक्तिक दिसतें. बादशहानें दिलेलें बिरुद पेशव्यांनीं आपल्या मुद्रेंत पिढ्यान्‌पिढ्या कोरलें असतें काय, याचा वाचकांनींच विचार करावा.

आईबापांनीं ठेवलेलें नांव एक आणि विकत घेणाऱ्यानें ठेवलेलें दुसरें. हबशी गुलामांस त्यांचे धनी सुगंधी द्रव्यांचीं व रत्नांचीं नांवें देत. मलिक अंबर याचें मूळ नांव चापू. अंबर हें अरबी, समुद्रांत सांपडणाऱ्या सुगंधी द्रव्याचें नांव. संस्कृत जाणणारा वाचक तेथें 'आकाश' असा अर्थ लावतो, तो चूक. काफूर म्हणजे कापूर, आणि हा शब्द मलायाकडील. जंजिऱ्याच्या सिद्दी कासमास याकूतखान हा किताब होता; याकूत म्हणजे माणिक, आणि त्याचें मूळ ग्रीकांत आहे. हीं नांवें वाचतांना अर्थ गोड लागला तरी त्यांच्यामागें बाजारांतली विक्री आहे, हें विसरतां कामा नये.

परंतु संग्राहकांनीं सर्वांत अधिक जपावें तें पुढील प्रकारच्या नांवांस. मुंबईच्या एखाद्या मराठी कागदांत 'समाजी हसाजी दिवेकर' असें नांव आलें तर तो कोकणांतील कोणी मराठा अथवा भंडारी गृहस्थ असावा असें शंभरांतील नव्याण्णव वाचक म्हणतील. हा गृहस्थ बेने इस्रायल होता. समाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल. अरबी वळणाच्या 'हस्केल' या उच्चारास 'जी' लागून हसाजी झाला. इंग्रजांच्या पलटणींत तो अंमलदार होता, टिपूच्या कैदेंतून सुटला, आणि इ. स. १७९६ त मुंबईस मांडवी भागांत आपल्या जमातीचें पहिलें प्रार्थनामंदिर त्यानेंच बांधविलें. याच रीतीनें अब्राहामाचा अबाजी, इसहाकाचा इसाजी, मोशेचा मुसाजी व बिन्यामिनाचा बनाजी झाला. हयीम सॅम्युएल किहिमकर यांनीं इ. स. १८९७ त लिहिलेला या जमातीचा इतिहास इ. स. १९३७ त तेल अवीव येथें छापला गेला; आमच्या लोकांनीं तो फारसा पाहिलेला दिसत नाहीं. आडनांवाचाही उपयोग होत नाहीं, कारण किहीम, रोहें, पेण, दिवें या गांवांवरून पडलेलीं आडनांवें कोणा एका जातीचीं नव्हेत. शिवभारताची आवृत्ति इ. स. १९२७ त काढणारे सदाशिव महादेव हेही दिवेकरच. खूण मिळाली तर ती धंद्याची मिळते. हे लोक तेल गाळीत व शनवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस कोकणांत 'शनवार तेली' म्हणत. कुलाब्याकडील महसुली कागदांत हे दोन शब्द दिसतांच त्या कागदांतील प्रत्येक अबाजी व इसाजी पुन्हा तपासावा.

पारशी नांवांत फसवणूक उलट बाजूनें होते. पुण्याच्या रेसिडेन्सींतील खुर्शेटजी मोदी, जो इ. स. १८१५ त विषानें मेला, त्याच्या नांवांतील 'शेट' हा सावकारीचा शेट नव्हे. मूळ शब्द खुर्शेद, अवेस्तेंतील 'ह्वरे क्षएत' म्हणजे तेजस्वी सूर्य. यांतील 'ह्वरे' म्हणजेच आमचें 'स्वर्'. जमशेटजीचा जमशेद हा अवेस्तेंतला यिम, म्हणजे वेदांतला यम. बहिराम हें तर 'वेरेथ्रघ्न', वेदांतील वृत्रहन्. याच्या शेजारीं बहिरोपंत पिंगळ्यांचें बहिरो हें नांव ठेवून पाहावें. तें भैरवापासून आलेलें आहे. धांवत्या मोडींत शब्दांमध्यें जागा सोडलेली नसते, ह्रस्वदीर्घाचा भेद नसतो. तेथें 'बहिरो' नंतर बापाचें नांव 'म' या अक्षरानें सुरू होत असेल तर बहिराम वाचला जाण्यास कितीसा उशीर!

मूल जगावें म्हणून हलकें नांव ठेवण्याच्या चालींतही परदेश शिरला आहे. दगडू, धोंडू, केरू, कवडू हीं देशी, फकीरा अरबी. दमडू या नांवांतील दमडी मात्र 'द्रम्म' या नाण्यावरून आली, आणि द्रम्म हा ग्रीकांचा 'द्राख्मे'. विदर्भांतील शेतकऱ्यानें पोराची दृष्ट काढतांना यवन राजांचें नाणें वापरलें, याची त्याला कल्पना नसावी.

बायकांच्या नांवांविषयीं येथें एवढेंच सांगतों. लग्नांत नांव बदलण्याच्या चालीमुळें एकाच स्त्रीचीं दोन नांवें दोन घरांच्या कागदांत असतात. माहेरची यमुना सासरीं आनंदी झाली व आनंदीबाई जोशी या नांवानें इ. स. १८८६ त डॉक्टर झाली, हें अलीकडचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. म्हणून याद करतांना नांव कागदांत जसें असेल तसेंच, अक्षर न सुधारतां, उतरावें. आपण लावलेला अर्थ किंवा शुद्ध केलेलें रूप द्यावयाचें असल्यास तें कंसांत द्यावें, आणि जातीचा रकाना कागदांत स्पष्ट उल्लेख असेल तरच भरावा.