आवाज अरे-तुरे करतो का?

पाचगणीहून येरवड्याचं मनोरुग्णालय शंभरेक किलोमीटर. पसरणी घाट उतरायचा, वाईहून पुण्याची एसटी धरायची. एका भेटीपायी घरातल्या दोघांचा रोज बुडतो. मांढरदेवीची काळूबाई त्यामानाने जवळ. ‘कानात कुणीतरी बोलतंय’ असं मुलगा सांगू लागला की घरच्यांची पावलं आधी कुठे वळतात, हे इथे वेगळं सांगायला नको. त्याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तिथे निदान कुणी ‘काय होतंय’ असं विचारतं.

डॉक्टर याला सायकोसिस म्हणतात: भास आणि पक्के संशय यांनी माणसाला घेरणं. अशा माणसाशी बोलून उपयोग नाही, असं डॉक्टरही फार काळ मानत. औषध हा पाया आहेच. पण १९५२ साली अमेरिकेत ॲरन बेक यांनी एका माजी सैनिकाची हकीकत छापली. सरकारी हेर आपल्यावर पाळत ठेवतात, अशी त्याची खात्री होती. बेक यांनी वाद घातला नाही. संशयितांकडे नीट निरखून बघायला लावलं, आणि त्याची यादी आखडत गेली. याच वाटेने पुढे ब्रिटनमध्ये बोलण्यातून उपचार करायची एक पद्धत उभी राहिली. तिथली आजची शिफारस: किमान १६ बैठका, एकास एक.

सोळा बैठकांना आपल्याकडे माणसं नाहीत, आणि एकास एक बसायला वेगळी खोली नाही. पाकिस्तानात फारूक नईम आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत सहा बैठकांत बसवली आणि कुटुंबाला आत घेतलं. त्यांची चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली.

आपल्या सातारा जिल्ह्यातही एक मोठं काम झालं. स्किझोफ्रेनिया हा सायकोसिसच्याच गटातला आजार; गोवा, तमिळनाडू आणि सातारा इथल्या अशा २८२ रुग्णांवरचा अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. साताऱ्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर त्याच्या लेखकांपैकी एक. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, मानसोपचाराची पदवी नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते वर्षभर घरी जात. आजार समजावणं, गोळ्यांविषयी बोलणं, कामाला परत लावणं, लोकांच्या टोमण्यांना तोंड देणं, असं ते काम. फायदा बेताचा निघाला: रोजच्या जगण्यातली अडचण थोडी कमी झाली, आणि सर्वांत ठळक फरक तमिळनाडूच्या ग्रामीण भागात दिसला. तरी मला हा अभ्यास मोलाचा वाटतो. खुर्ची दवाखान्यातून ओसरीवर आली.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या आजारपणातून ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. याच आजारावरचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपटही त्यांच्याच ध्यासातून आला. ‘छिन्नमनस्कता’ हा स्किझोफ्रेनियाचा आपला प्रतिशब्द मात्र दिशाभूल करतो. ऐकणाऱ्याला एका देहात दोन माणसं आहेत असं वाटतं, आणि आजार तो नव्हे.

खरी मेहनत अशी शब्दांशीच आहे. कार्यकर्ता घरी आला की ओसरीवर चहा येतो. मुलाला विचारलं तर उत्तर आई देते, ‘शेजारचे म्हणे भिंतीतून बोलतात.’ त्या ‘म्हणे’ने मुलगा मान खाली घालतो. आईचा दोष नाही. पण पाहुण्याने तो शब्द उचलला तर मुलगा पुन्हा बोलणार नाही. ‘ते बोलतात तेव्हा तुम्ही काय करता?’ असं सरळ त्यालाच विचारावं. भिंतीला खरं म्हणायचं नाही, मुलाला खोटं ठरवायचं नाही.

मॅक्स बर्चवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये दाखवलं, की आवाज काय बोलतो याहून तो किती बलवान वाटतो यावर त्रास ठरतो. मराठीत हे बळ एका प्रश्नात मोजता येईल: तो अरे-तुरे करतो की अहो-जाहो? आणि तुम्ही त्याला काय म्हणता? तो ‘अरे’ म्हणतो आणि हा ‘अहो’, तर पायरी कुठे आहे ते तिथेच कळतं. इंग्रजी प्रश्नावली शब्दशः उतरवून हा प्रश्न हाती लागणार नाही.

तसंच आवाजांची नोंद ठेवायला दिलेल्या, रकाने आखलेल्या वहीचं. शेतात राबणाऱ्याला ‘सायंकाळी पाच वाजता किती तीव्र’ असं विचारू नये. धारा काढताना जास्त, की रात्री अंथरुणात? स्ट्रॉबेरीच्या तोडणीला बाया बरोबर असतात, तेव्हा ते बोलतात का? तो जरा आठवून म्हणाला, ‘तेव्हा गप असतात,’ तर पुढच्या आठवड्याचं काम ठरलं. सकाळी तोडणीला जायचं, आणि रात्रीची गोळी आईने हातावर न ठेवता त्याने स्वतः डबीतून काढायची.