कार्ड राहिलं गावी

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, कडेवर तान्हं मूल. पुढचे चार-पाच महिने मुक्काम कोपीत.

बाळाला पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना, तर गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर द्यायचा असतो. गावच्या आशाताईच्या यादीत बाळ ‘स्थलांतरित’, आणि कारखान्याकडच्या ताईच्या यादीत त्याचं नावच नाही.

तिथली ताई म्हणूनच संध्याकाळी, चुली पेटल्यावर कोप्यांवर जाते. दिवसा तिथे भेटते ती धाकट्याला सांभाळणारी सात-आठ वर्षांची मुलगी. तिला काय विचारणार? आईला पहिला प्रश्न कार्डाचा. ते बहुधा गावी पेटीत राहिलेलं असतं. मग गावच्या ताईला फोन करून नोंदीचा फोटो मागवायचा. ‘सगळ्या सुया पहिल्यापासून?’ आई घाबरते. तसं नसतं. खंड पडला तरी राहिलेले डोसच पुढे देतात.

खरी भीती तापाची. लसीनंतर बाळ रात्रभर किरकिरलं, आई फडात गेली नाही, तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. नको म्हणणारी आई अडाणी नसते. तिचा हिशेब पक्का असतो. तापाच्या औषधाचं माप ताई तिथेच दाखवते, गरज पडली तर मुकादमाशीही बोलते. आशाताईंचा मोबदला बराचसा कामागणिक असतो. यादीबाहेरच्या बाळासाठी मारलेली ही फेरी त्यात धरली जाईलच असं नाही.