कोठा साफ का होत नाही?

इसबगोल झालं, त्रिफळा झाला, एरंडेलही घेऊन झालं. तरी ‘कोठा साफ होत नाही’ ही तक्रार सुटत नाही, अशी माणसं पुण्यातल्या प्रत्येक वाड्या-सोसायटीत सापडतील. पुढचं चूर्ण आणण्याआधी त्यांना एक प्रश्न विचारायला हवा. मळ आतड्यातून पुढे सरकतच नाही, की दारापाशी येऊन अडतो?

शौचाच्या वेळी गुदाशयाला वेढून असलेला प्युबोरेक्टॅलिस हा स्नायू सैल पडावा लागतो. काहींचा स्नायू कुंथताना उलट आवळला जातो. काही बायकांमध्ये, विशेषतः बाळंतपणांनंतर, गुदाशयाची भिंत योनीच्या बाजूला फुगते आणि मळ त्या खळग्यात अडकतो. अशांना रेचकांनी मळ पातळ होतो, पण अडथळा तसाच राहतो.

हा अडथळा मोजता येतो. बटाट्याच्या लगद्यासारख्या घट्टसर मिश्रणात किरणोत्सारी टेक्नेशियम-99एम अत्यल्प प्रमाणात घालून ते गुदाशयात भरतात. रुग्ण कमोडवर बसतो, शेजारी गॅमा कॅमेरा असतो. कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही. शरीरातून येणारे तेवढे मोजतो. आधीची मोजणी शंभर धरली आणि शौचानंतर सत्तर उरली, तर तीसच टक्के बाहेर पडलं. रुग्ण जोर लावतोय आणि पडद्यावरचा आलेख मात्र जवळजवळ आडवाच, हेही डोळ्यांसमोर दिसतं. बेरियमच्या एक्स-रेत आकार चांगला कळतो; इथे नेमका आकडा मिळतो.

सबंध आतड्याचा वेग पाहायचा तर टेक्नेशियम पुरत नाही. त्याचं अर्धायुष्य 6 तासांचं. दुसऱ्या दिवशी सोळावा हिस्साच उरतो. तिथे 2.8 दिवस अर्धायुष्याचं इंडियम-111 पोटात देऊन 24 आणि 48 तासांनी चित्रं घेतात.

टेक्नेशियमसारखं अल्पायुषी द्रव्य साठवून ठेवता येत नाही. म्हणून रुग्णालयात जनरेटर येतो. त्यातल्या 66 तास अर्धायुष्याच्या मॉलिब्डेनममधून ताजं टेक्नेशियम काढून घेतात. या कामाला इथली माणसं ‘मिल्किंग’ म्हणतात. महाराष्ट्राला ही विद्या जुनी आहे: परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963चं, आणि अणुऊर्जा विभागाची ‘ब्रिट’ ही संस्था वाशीहून किरणोत्सारी औषधं पुरवते. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांतही गॅमा कॅमेरे आहेत. ते बहुतेक हाडं, मूत्रपिंडं, थायरॉइड यांच्यासाठीच चालतात. शौचाची तपासणी मागणारे डॉक्टर थोडे, आणि त्याबद्दल मोकळेपणी बोलणारे रुग्ण त्याहून थोडे. हा संकोच फार महाग पडतो.

अर्थात सुरुवात गॅमा कॅमेऱ्यापासून नसते. बोटाने तपासणं, दाब मोजणारी मॅनोमेट्री, पाण्याने भरलेला छोटा फुगा बाहेर टाकायला सांगणं, एवढ्यावर पुष्कळांचं निदान होतं. या तपासण्या एकमेकींशी जुळेनात तेव्हा आकडा कामी येतो. स्नायू आवळत असेल तर बायोफीडबॅक: आपला स्नायू पडद्यावर पाहत तो सैल सोडायला शिकायचं. यात रेचकांपेक्षा जास्त गुण येतो, हे चाचण्यांत दिसलं आहे.

शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा पन्नाशीनंतर सवय एकाएकी बदलली असेल, तर मात्र आधी कोलोनोस्कोपी.